पेट्या शिवणारे डोमाजी

विमानाने जाणारा माणूस डोमाजींना मुळात वेडा वाटायचा. उडतो म्हणून नव्हे, आपली पेटी अनोळखी माणसाच्या हाती देऊन खुशाल निघून जातो म्हणून. "आगगाडीत कसं," ते म्हणायचे, "पेटी सीटखाली, साखळी पेटीले, अन् माणूस वर बसला. चोराले पहिले माणूस उठवा लागते. इथं पाहा. पेटी एकीकडे, माणूस एकीकडे, अन् मधात मी. मी कोण हाये, हे त्यायले काय मालूम?"

गंमत म्हणजे हे बोलणारा माणूस स्वतःच सोनेगावच्या विमानतळावर सामान चढवणाऱ्या हमालांचा मुकादम होता. सत्तरच्या दशकात मी तिथे काउंटरवर होते. तिकीट पाहायचं, पेटीचं वजन करायचं, तिला चिठ्ठी बांधायची आणि मागे ढकलायची. मागे डोमाजी उभे असत. मी तशी तोंडाची फटकळ, माझ्या मागे लोक मला काय म्हणत ते मला ठाऊक होतं. पण डोमाजींवर मी सहसा आवाज चढवत नसे. माणूसच तसा होता. पाच फुटांचा, वाळका, खाकी शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि गांधीटोपीच्या घडीत एक दाभण खोचलेली.

ती दाभण म्हणजे त्यांची खरी ओळख. डोमाजी जातीने कोष्टी. पाचपावलीत त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माग चालत आला होता, करवतकाठी लुगडी विणायचे. माग बसला तेव्हा ते हमालीला लागले, पण सूत काही हातातून सुटलं नाही. विमानतळाबाहेर कडुनिंबाखाली एक बाक होता. गाडी सुटायच्या आधी, म्हणजे विमान, ते मात्र विमानालाही गाडीच म्हणत, तिथे बसून ते लोकांच्या पेट्या मांजरपाटाच्या खोळीत शिवून द्यायचे. पोस्टात पार्सल शिवतात तसंच, पण दोरा मेण लावलेला आणि टाके त्यांच्या मनाचे. मधेच एखादा टाका उलटा घालायचे. तो कितवा, हे प्रवाशाच्या कानात सांगायचे. "उतरल्यावर मोजा. चौथा, नववा अन् बारावा उलटा असन त समजा कोनं हात नाही लावला."

शेवटच्या टोकाला ते गाठ कधीच मारत नसत. गाठ कुणीही सोडून पुन्हा मारतो. मागावर तुटलेला धागा जोडतात तशी ते दोऱ्याची दोन टोकं एकमेकांत पीळ देऊन बसवायचे. अंगठ्याला थुंकी, चिमटीत राख, आणि एक हलकासा पीळ. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडायचा नाही. कोराडीच्या आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांतले इंजिनिअर तेव्हा ट्रेनिंगला परदेशी जायला लागले होते. त्यांच्या बायकांमध्ये डोमाजींचं नाव झालं होतं.

एकदा एक वकीलसाहेब भलं मोठं पितळी कुलूप लावलेली पेटी घेऊन आले. शिवायचं कशाला, म्हणाले, हे कुलूप फोडून दाखवा. डोमाजींनी कुलपाकडे पाहिलंसुद्धा नाही. पेटी उलटी केली, मागच्या बिजागरीची सळई दाभणीने ढकलून बाहेर काढली, मागच्या बाजूने झाकण उचललं आणि आतला टॉवेल वकीलसाहेबांच्या हातात दिला. "कुलूप तुमचं शाबूत हाये, साहेब." मग सळई परत बसवली. वकीलसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्यांनी मुकाट्याने पेटी शिवून घेतली.

पण डोमाजींचा एक नियम होता. पेटीत सोनं असेल तर ते शिवत नसत. आधी विचारायचे, "पेटीत असं काही हाये काय, का गेलं त जेवण जाणार नाही?" असेल तर पेटी बंद करून परत देत. "टाका म्हणजे काही शिपाई नाही, माय. चोरानं हात लावला का नाही, येवढंच थो सांगते. चोराले थांबवत नाही. सोनं आंगावर ठेवा." हे ते इतक्या वेळा म्हणायचे की बाकीचे हमाल त्यांची नक्कल करत.

त्या हमालांत पुढे त्यांचा जावई आला. मोरेश्वर त्याचं नाव. कुसुम ही डोमाजींची एकुलती एक मुलगी, आणि मोरेश्वरच्या घरचाही माग बंद पडलेला. डोमाजींनी आमच्या साहेबांच्या हातापाया पडून त्याला लावून घेतलं. आता मुकादमाने हमालाला कसं हाक मारायची? पण जावई तो जावई. भर उन्हात, विमानाच्या पोटाशी, डोमाजी त्याला म्हणायचे, "जवाईबापू, ती हिरवी पेटी जरा उचलता काय?" बाकीचे खो-खो हसायचे. मोरेश्वरही हसायचा. दिसायला देखणा, बोलायला गोड, कामाला डावखुरा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता, पण मला कोण आवडायचं म्हणा.

डोमाजींनी त्याला टाका शिकवला. जोडही शिकवला. "माह्यामागं कोनी तरी पाहिजे न, बाई," मला म्हणाले. "पोरगा त नाही मले." त्या दोघांना बाकावर शेजारी शेजारी बसून शिवताना पाहिलं की मलाही बरं वाटायचं, हे कबूल करते.

मग हातातल्या सामानाची झडती सुरू झाली. विमानं पळवण्याच्या बातम्या येत होत्या, म्हणून पोलीस आता प्रत्येकाची पर्स उघडून टेबलावर मांडायला लावायचे. आमच्या इकडच्या बायकांना हे जिवावर यायचं. चारचौघांत आपले दागिने परक्या पुरुषासमोर उघडून दाखवायचे म्हणजे काय? त्यापेक्षा बायका दागिन्यांचा डबा पेटीत टाकू लागल्या. ज्या गोष्टीला डोमाजी आयुष्यभर नाही म्हणत आले, ती आता सगळ्यांना सोयीची वाटू लागली, आणि तीही डोमाजींच्याच टाक्याच्या भरवशावर.

कोराडीच्या कॉलनीतून एक सासू-सून आल्या होत्या. सून शैला, उमरेडकडच्या शेतकरी घरची. लग्नाला वर्ष झालेलं. नवरा मस्कतला, ती त्याच्याकडे निघालेली. मुंबईला मोठे दीर उतरवून घेणार होते. डब्यात माहेरचं सोनं, पाटल्या, गोफ, तोडे. डबा शैलानेच घरी भरला होता. डोमाजींनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि पेटी बाजूला सारली.

"माय, आंगावर घाला. पदराखाली कोनाले दिसते?"

"एकट्या पोरीच्या अंगावर एवढं घालून पाठवू?" सासू म्हणाली. "आणि पर्समधून नेलं तर तो पोलीस सगळ्यांसमोर मांडायला लावेल. आमच्या कॉलनीतल्या चार जणी तुमच्या शिवणीत गेल्या, सूतही हललं नाही. माझा त्या पोलिसापेक्षा तुमच्यावर भरवसा आहे."

 लाइन लांबत चालली होती. मी काउंटरवरून उठून दाराशी आले आणि ओरडले, "डोमाजी, आटपा आता." त्या दिवशी पहिल्यांदाच ते नाही म्हणाले नाहीत. कौतुकाला भुलले, की माझ्या ओरडण्याला, देव जाणे. डबा कोपऱ्यात होता, तो दोन्ही हातांनी उचलून त्यांनी साड्यांच्या मधोमध ठेवला आणि शिवायला घेतलं.

विमान तीन तास उशिरा आलं. पेट्या सामानाच्या खोलीत पडून होत्या. आणि मीच डोमाजींना तिकिटांची पुस्तकं आणायला सदर भागातल्या ऑफिसात पाठवलं. सामानावर कोण होतं ते सांगायला नको.

आठ दिवसांनी मुंबईहून तक्रार आली. दिरांनी टाके मोजले होते, सगळे बरोबर. शिवण तशीच ठेवून त्यांनी खोळ दुसऱ्या बाजूने कापली. डबा जागेवर होता आणि रिकामा होता. तक्रारीसोबत ती खोळही आली. साहेबांनी ती टेबलावर पसरली आणि डोमाजींना बोलावलं. मी फाइल धरून उभी होते.

"टाका तुमचाच का?"

डोमाजींनी शिवणीवरून अंगठा फिरवला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. शेवटी एका जागी तो थांबला, मागे गेला, परत त्याच जागी आला. 

"माहाच हाये," ते म्हणाले.

साहेबांनी हुश्श केलं आणि लिहून टाकलं की पेटी न उघडता मुंबईला पोचली. आमचे हात झटकून झाले. त्याचा अर्थ काय होतो, हे मला आठवडाभराने कळलं. पेटी कुणी उघडलीच नाही, तर डबा पहिल्यापासून रिकामा होता. आणि डबा भरला होता शैलाने. निघण्याआधी दोन दिवस ती माहेरी राहून आली होती. सोनं बापाच्या घरी ठेवून आली, असं म्हणून सासरचे मोकळे झाले. मस्कतचं तिकीट रद्द झालं. दिरांनी तिला पहिल्या गाडीने परत पाठवलं.

ती विमानतळावर आली ती एकटीच. कोराडीहून बसने. गळ्यात फक्त काळे मणी. डोमाजी बाकावर बसले होते, शिवणं त्यांनी तोवर बंद केलं होतं. मी पाण्याला म्हणून बाहेर आले होते, म्हणून ऐकलं.

"काका, मी तुमच्यावर आळ घ्यायला नाही आली," ती म्हणाली. "तुम्ही डबा उचलून मधात ठेवला होता. तेवढं सांगा माझ्या सासऱ्यांना. डबा जड होता. बास. चोर कोण ते मला नको."

डोमाजी तिच्या पायांकडे पाहत होते. "ध्यानात नाही, माय," म्हणाले.

 ती वळली आणि बस पकडायला निघून गेली. मला इतका संताप आला की मी तिथेच त्यांना धरलं. म्हटलं, डोमाजी, तुम्हाला वकिलाच्या टॉवेलाचा रंग आठवतो आणि डबा आठवत नाही? पोरीला घरातून काढतील ते लोक.

त्यांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. टोपीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. "बाई, थो जोड डाव्या हाताचा हाये," ते म्हणाले. "माहा पीळ उजवा पडते. हा डावा. अंगठ्याखाली आला तवाच मले समजलं."

 पुढचं त्यांनी सांगायची गरजच नव्हती, तरी त्यांनी सांगितलं. "पाय धुतले हायेत म्या त्यायचे, लग्नात. ज्याचे पाय धुतले त्याले हातकडी कशी लावू? कुसुमले तीन वर्साचं पोरगं हाये. तिचं काय?"

 एकीकडे त्यांची मुलगी, दुसरीकडे परक्याची. मी काउंटरवर परत गेले आणि त्या दिवशी तीन प्रवाशांच्या पेट्यांची वजनं चुकवली.

पुढचे तीन आठवडे डोमाजी कामावर यायचे, पेट्या चढवायचे आणि जायचे. मोरेश्वरला हाक मारताना 'जवाईबापू' म्हणणं मात्र त्यांनी सोडलं नाही. ते शब्द कानावर आले की माझं डोकं तडकायचं. पोलिसांत जाऊन मीच सांगावं असं दहादा मनात आलं. नाही गेले. आपल्याला काय करायचंय, असं म्हणायला माणसाला नेहमी जागा सापडते, मलाही सापडली.

एका रविवारी सकाळी ते माझ्या घरी आले. दारातच उभे राहिले. "बाई, कोराडीले येता काय संग? एकटा गेलो त रस्त्यातूनच पलटून येईन." मी चप्पल घातली आणि पेटीची खोळ पिशवीत टाकली. ऑफिसातून ती खोळ मी आधीच उचलून आणलेली होती, कुणाला न विचारता. का आणली होती ते माझं मलाही ठाऊक नव्हतं.

बसमध्ये ते खिडकीशी बसले. मी त्यांना सगळं विचारलं. नोकरी जाईल का, पोलीस तुम्हालाही धरतील का, वकील पाहायचा का. ते "हाव", "नाही", एवढंच म्हणत होते. कोळशाचे ट्रक शेजारून जात होते, आणि कॉलनीच्या तारांवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसलेली दिसत होती.

शैलाचे सासरे बनियनवर पेपर वाचत होते. डोमाजी खुर्चीवर बसले नाहीत, जमिनीवर बसले. सुई-दोरा मागितला. टोपीत दाभण होती, पण ती त्यांनी काढली नाही. खोळीच्या कोपऱ्यावर दहा टाके घातले, टोकांना पीळ दिला आणि खोळ सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली. "हा माहा पीळ. अन् हा पाहा, पेटीवरचा. दोनही तुमच्या अंगठ्यानं पाहा."

सासऱ्यांनी अंगठा फिरवला. आधी त्यांना कळलं नाही, मग कळलं.

"मग हा कुणाचा?"

"माह्या जवायाचा. माह्याशिवाय त्यालेच येते. म्याच शिकवला."

"हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

"पोरगी देली हाये न त्याले, साहेब."

 सासू आतल्या दाराशी उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. शैला पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तो डोमाजींपुढे ठेवून तिथेच उभी राहिली.

"काका, जड होता ना डबा?"

"जड होता, माय. दोन हातानं उचलला होता म्या."

ती भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. रडली नाही. कितीतरी वेळ ती नुसती मान हलवत होती, हो, हो, म्हणून. मला तिच्याकडे पाहवेना.

मोरेश्वरला त्याच दिवशी पकडलं. गोफ तेवढा सापडला, बाकीचं सोनं वितळवून झालेलं होतं. शैला दोन-तीन महिन्यांनी मस्कतला गेली. त्या दिवशी मी रजेवर होते, म्हणून आमची भेट झाली नाही. गेली हे खरं, पण माहेरचं सोनं गेलं ते गेलंच. मोरेश्वर दोन वर्षं आत होता आणि सुटल्यावर कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. कुसुम मुलाला घेऊन बापाकडे आली. डोमाजी निवृत्त होईपर्यंत पेट्या चढवत राहिले. कुणी शिवायला सांगितलं तर म्हणायचे, "आता डोळे गेले." डोळे चांगले होते.

माझी बदली झाली तेव्हा मी त्यांचा निरोप घ्यायला पाचपावलीत गेले. दुपारची वेळ होती. मागाचा खड्डा, विणकराने पाय सोडून बसायचा, फळ्यांनी बुजवलेला होता आणि त्याच फळ्यांवर डोमाजी बसले होते. केस पार पांढरे झालेले. कुसुम दारापाशी चाक घेऊन कांड्यांवर सूत भरत होती, दुसऱ्यांच्या मागांसाठी. तिने मला चहा दिला आणि परत चाकाशी बसली. आम्ही इकडचं तिकडचं बोलत होतो. मधेच ती म्हणाली, चाक न थांबवता,

"तुमी होत्या न बाई, कोराडीले?"

मी हो म्हटलं.

"बाबानं वाईट केलं असं मी म्हणत नाही. त्या पोरीचा काय गुन्हा होता? पण त्या घरी जाऊन सांगतलं, मले नाही सांगतलं. पोलीस आले तवा मी त्यायच्या ताटात भाकर वाढून राहिली होती."

"तुह्या जिवाले घोर नको म्हून, माय," डोमाजी म्हणाले.

"घोर त मले होताच. ट्रंकेत फडक्यात बांधलेलं सोनं पाह्यलं होतं म्या. इचारलं त म्हणे, दोस्तानं ठेवाले देलं. मी रोज पाहून राहिली होती थे फडकं, का बाबा येतीन, काही बोलतीन. बाबा, तुमाले माहीत होतं, मले माहीत होतं. एक डाव मले इचारलं असतं, कुसुम, काय करू, त मीच उचलून नेलं असतं कोराडीले. सारं सोनं होतं तवा. गोफ, पाटल्या, तोडे, सारं. तीन हप्ते तुमी माह्यासाठी चुप बसले, अन् त्या तीन हप्त्यातच थे वितळलं."

मला बस आठवली. खिडकीशी बसलेल्या या माणसाला मी वाटेत नोकरीचं विचारलं होतं, पोलिसांचं विचारलं होतं, वकिलाचंही विचारलं होतं. कुसुमला सांगितलं का, हे मला विचारावंसंच वाटलं नव्हतं. मीही बाईच, पण सुचलं नाही.

चहा तसाच ठेवून मी उठले. डोमाजी मला दारापर्यंत पोचवायला येतील असं वाटलं होतं, नेहमी यायचे. ते फळ्यांवरून उतरले ते चाकापाशी आले आणि मुलीसमोर जमिनीवर बसले.

"चुकलो वं," म्हणाले.

गल्लीच्या वळणावरून मी मागे पाहिलं. ते तिच्यासमोर हात जोडून तसेच बसलेले होते, आणि ती त्यांच्याकडे न पाहता चाक फिरवत होती.